सर्विसवाला दारात आला की कोणता आकडा मागायचा? (गीझर, आरओ, एसी, सिलिंडर)

गच्चीवरचा_वायरमन

"कॉइल गेलीय." "मेंब्रेन गेलंय." "गॅस कमी झालाय." घरातलं काहीही बिघडलं की या तीनपैकी एक वाक्य कानावर पडतं, आणि बरेचदा झाकणाचा पहिला स्क्रू सुटायच्या आधीच. म्हणून हा धागा काढतोय. या प्रत्येक वाक्याची खात्री करणारा एक आकडा असतो. तो मोजायला पाच मिनिटं पुरतात, आणि चांगला कारागीर न मागता मोजून दाखवतो. ज्याला जे यंत्र नीट माहीत आहे त्याने त्याचा आकडा इथे लिहावा. मी थंडीच्या तोंडावर गीझर घेतो.

साठवणीच्या गीझरची कॉइल बहुधा २००० वॅटची असते. २३० व्होल्टला हिशेब केला तर रेझिस्टन्स साधारण २६ ओहम येतो. आधी बोर्डावरचा एमसीबी (गीझरचा ब्रेकर) पाडा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. खालचं झाकण काढून कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवा आणि मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवून दोन टोकांना लावा. २४ ते २९ च्या दरम्यान आकडा आला तर कॉइल शाबूत आहे, मग समोरचा काहीही म्हणो. मीटर काहीच दाखवत नसेल, म्हणजे उघडी टोकं धरल्यावर दिसतं तेच दिसत असेल, तर कॉइल तुटली.

दुसरी चाचणी अनेकजण करतच नाहीत. मीटर मेगओहमवर घ्या, एक टोक कॉइलच्या टर्मिनलला आणि दुसरं टाकीच्या पत्र्याला लावा. इथे काहीच यायला नको. आकडा आला तर कॉइलच्या नळीला चीर पडून पाणी आत गेलंय आणि करंट अर्थला जातोय. पाणी व्यवस्थित गरम होतं, पण गीझर लावला की ३० मिलीअँपिअरचा लीकेज ब्रेकर पडतो, ही तक्रार बहुतेक वेळा याच जागी सापडते. अशा वेळी "ब्रेकर खराब आहे, काढून टाकू" असं कोणी म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. ब्रेकर त्याचं काम करतोय.

कॉइल ठीक आणि तरी पाणी गार? मग थर्मोस्टॅटजवळचं (पाणी ठरलेल्या तापमानाला पोचलं की वीज तोडणारा भाग) छोटं लाल बटण बघा. तो कटआउट. पाणी हद्दीबाहेर तापलं की तो उडतो. एकदा दाबून चालू करायला हरकत नाही. पुन्हा उडाला तर थर्मोस्टॅट चिकटलाय, तो बदला. कटआउटला बगल देऊन सरळ वायर जोडणं हा घरातल्या माणसांच्या जिवाशी खेळ आहे.

बोअरचंच_पाणी

भारी धागा. आमच्याकडे बाणेरच्या पुढच्या सोसायट्यांमध्ये अर्धं पाणी टँकरचं, अर्धं बोअरचं. गीझर लावला की सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं. प्लंबर म्हणतो, व्हॉल्व्ह बदला नाहीतर तोंडाला बूच मारतो. दुसरं म्हणजे आतून तडतड आवाज येतो. क्षारामुळे वीजही जास्त जाते का?

गच्चीवरचा_वायरमन

बूच अजिबात मारू देऊ नका. ठिबकणं किती, ते मोजा. पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर गेलं की सुमारे दीड टक्का फुगतं. १५ लिटरच्या टाकीत ते वाटीभर, म्हणजे २०० मिली झालं. आत येणाऱ्या पाइपवर उलट न जाऊ देणारा व्हॉल्व्ह आहे, त्यामुळे वाढलेल्या पाण्याला बाहेर पडायची तेवढी एकच वाट उरते. गीझर चालू असताना वाटीभर पाणी पडलं आणि बंद केल्यावर थांबलं तर सगळं जागेवर आहे. गीझर बंद असतानाही दिवसभर ठिबकत असेल तर एकतर व्हॉल्व्हच्या सीटवर क्षार बसलाय किंवा प्रेशर पंपाचा दाब जास्त आहे. महिन्यातून एकदा त्याची छोटी दांडी वर-खाली करा, पाण्याच्या झोताबरोबर कचरा निघून जातो. दांडी हलतच नसेल तर मात्र व्हॉल्व्ह बदला.

तडतड आवाज क्षाराच्या खपल्यांखाली पाणी उकळून बुडबुडे फुटतात त्याचा. विजेबद्दल सगळेच घाबरवतात, पण कॉइल पाण्यात बुडालेली आहे. ती २००० वॅट घेते आणि ती सगळी उष्णता शेवटी पाण्यातच जाते. १५ लिटरला २५ वरून ६० अंशांवर जायला १८-२० मिनिटं लागतात, २५ लिटरला अर्धा तास. थर बसल्यावरही हा वेळ फारसा बदलत नाही. नुकसान होतं ते कॉइलचं. उष्णता बाहेर निघायला अडथळा आला की ती आतून लाल होते आणि फाटते. त्यामुळे बिल बघून क्षार कळणार नाही, आवाजावरून कळेल.

रसायनवाल्या_बाई

क्षाराबद्दल थोडी भर घालते. पुणे, नगर, संभाजीनगर या पट्ट्यातलं बोअरचं पाणी काळ्या बसाल्टमधून येतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. पाणी तापलं की कार्बोनेट तयार होऊन तळाशी आणि कॉइलवर बसतं. तापमान जितकं जास्त तितका थर भरभर बसतो. म्हणून बोअरचं पाणी असलेल्यांनी थर्मोस्टॅट ५० ते ५५ वर ठेवावा, ७० वर ठेवून वर गार पाणी मिसळू नये.

साफ करायला कारागीर पुष्कळदा बाथरूम धुवायचं ॲसिड ओततात. ते हायड्रोक्लोरिक. चुना तर जातोच, पण पाच मिनिटं जास्त राहिलं तर कॉइलची तांब्याची किंवा स्टीलची नळी आणि सांध्याचा धातूही खातं. त्याऐवजी किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व वापरा. १०० ग्रॅम लिंबूसत्त्व साधारण ७५ ग्रॅम चुना विरघळवतं, त्यावरून प्रमाण ठरवता येतं. फ्लँजचे (कॉइल ज्या चकतीवर बसवलेली असते तिचे) बोल्ट काढून कॉइल बाहेर घ्यायची, सुटणाऱ्या मोठ्या खपल्या लाकडी पट्टीने पाडायच्या, मग प्लॅस्टिकच्या बादलीत दोन लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम घालून कॉइलचा फक्त पाण्यात बुडणारा भाग तासभर ठेवायचा. टर्मिनलची बाजू वर राहिली पाहिजे. फसफस थांबली आणि थर अजून शिल्लक असेल तर नवं पाणी करायचं, जुन्यातलं ॲसिड संपलेलं असतं.

टाकीच्या आतून लोखंडी पट्टीने खरवडू देऊ नका. आतल्या काचेच्या मुलाम्याला टवका उडाला की तिथूनच गंज धरतो.

बोअरचंच_पाणी

धन्यवाद बाई. टाकीतलं पाणी काढायला गरम नळ उघडून ठेवला तर पुरेल ना?

गच्चीवरचा_वायरमन

नाही. गरम पाण्याची नळी आत टाकीच्या वरच्या टोकापर्यंत उभी असते. गार पाणी खालून ढकलतं तेव्हा वरचं गरम पाणी बाहेर पडतं. गच्चीवरची टाकी रिकामी असली की गरम नळ कोरडा पडतो, पण गीझर काठोकाठ भरलेलाच असतो. रिकामा करायचा तर गार पाण्याच्या बाजूची, म्हणजे निळ्या रिंगवरची जोडणी सोडवावी लागते, वरून हवा जायला गरम नळही उघडा ठेवावा लागतो. काम संपल्यावर आधी गरम नळातून अखंड धार येऊ द्या, मगच एमसीबी वर करा. कोरडी कॉइल चालू झाली तर मिनिटभरात जळते.

आणि झाकण उघडलंच आहे तर मॅग्नेशियमचा रॉड बघायला विसरू नका. कॉइलच्या शेजारी बोटाएवढ्या जाडीची ती कांडी टाकीच्या लोखंडाऐवजी स्वतः झिजते. आतली तार उघडी पडली असेल तर त्याच दिवशी नवी टाका, सोबत गास्केटही (सांध्यातली रबरी चकती) नवं. बोअरच्या पाण्यात दर वर्षी बघावी लागते. टाकी फुटलेल्या गीझरमध्ये ही कांडी बहुतेक वेळा कधीच संपून गेलेली सापडते, आणि सर्विसच्या बिलावर तिचं नावही नसतं.

थेंबे_थेंबे

आता आरओ. इथे आकडा एक नाही, तीन आहेत: आत जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार, लिटरला किती मिलीग्रॅम), बाहेर येणाऱ्याचा टीडीएस आणि मिनिटाला किती पाणी निघतं ते. टीडीएस मीटर छोटा पेनएवढा मिळतो, तो स्वतःचाच ठेवा. कारागिराच्या मीटरवर भिस्त नको.

मेंब्रेन म्हणजे क्षार अडवणारा आतला बारीक पडदा. ८० जीपीडीचं (दिवसाला ८० गॅलन) मेंब्रेन म्हणजे कागदोपत्री तासाला साडेबारा लिटर, मिनिटाला २०० मिली. घरात १५० मिली मिळाले तरी उत्तम. मोजायचं मेंब्रेनमधून निघणाऱ्या नळीवर, टाकीच्या तोटीवर नाही. आता निदान:

पाणी कमी येतंय पण टीडीएस पूर्वीइतकाच कमी आहे: मेंब्रेन फाटलेलं नाही. आधी बाहेरचा सेडिमेंट (गाळ अडवणारा) फिल्टर बघा, मग पंपाचा दाब, मग मेंब्रेनवरचा क्षार. या तक्रारीत नुसता बाहेरचा धाग्यांचा फिल्टर बदलून काम होतं असं अनेकदा दिसतं.

पाणी भरपूर, पण टीडीएस चढलाय: हे खरं मेंब्रेन गेल्याचं लक्षण. आत ६०० आणि बाहेर ४० असेल तर मेंब्रेन ठणठणीत आहे. आत ६०० आणि बाहेर २५० असेल तर बदलायची वेळ आली, पण त्याआधी टीडीएस कंट्रोलरचा स्क्रू बघा. तो कच्चं पाणी थेट शुद्ध पाण्यात मिसळतो. स्क्रू पूर्ण बंद करून पुन्हा मोजा. आकडा खाली आला तर दोष स्क्रूचा होता.

मेंब्रेन फाटण्याचं नेहमीचं कारण क्लोरीन. टँकरवाले ब्लीचिंग पावडर सढळ हाताने टाकतात, ते कार्बन फिल्टरने अडवायचं असतं. कार्बन वेळेवर न बदलता फक्त मेंब्रेन बदललं तर नवंही तसंच जाणार. नवं बसवल्यावर पहिली भरलेली टाकी पूर्ण ओतून द्या, ते पाणी पिऊ नका.

सोसायटी_सेक्रेटरी_ताई

सांडपाणी फार जातं म्हणून आमच्या इमारतीत एकाने वेस्टच्या नळीला चिमटा लावून घेतलाय. चालतं का?

थेंबे_थेंबे

नको ताई. वेस्टच्या नळीत जो बारीक तुकडा असतो, फ्लो रिस्ट्रिक्टर, त्यावर ३०० किंवा ४५० असा आकडा असतो. तेवढे मिली पाणी मिनिटाला बाहेर जायलाच हवं, कारण मेंब्रेनवरचे क्षार तेच वाहून नेतं. १५० मिली शुद्ध, ४५० मिली वाया, म्हणजे एकास तीन. चिमटा लावला की थोडे दिवस बचत दिसते आणि मग मेंब्रेन दगडासारखं कडक होऊन निघतं. ते पाणी बादलीत घेऊन फरशी पुसायला, संडासात ओतायला वापरा. कुंड्यांना नको, त्यात मूळ पाण्याच्या सव्वापटीहून जास्त क्षार असतात.

मशीन बंद असतानाही वेस्टमधून पाणी वाहत असेल तर सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारी-मिटणारी झडप) पूर्ण मिटत नाहीये. तो एक सुटा भाग आहे, त्यासाठी "पूर्ण किट" घेऊ नका.

रसायनवाल्या_बाई

पण मुळात आरओ हवा का, हे आधी विचारा! खडकवासल्याचं महापालिकेचं पाणी किंवा मुंबईला येणारं भातसा-तानसाचं पाणी धरणाचं, मुळातच मऊ. भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) प्रमाणे टीडीएस ५०० पर्यंत चांगला, दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेता येतो. कडकपणाची तशीच हद्द २०० आणि ६००. टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओ वापरू नये, असं राष्ट्रीय हरित लवादानेही मे २०१९ मध्ये म्हटलं होतं. अशा घरात चांगला फिल्टर आणि यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) पुरतो.

आणि दारावर येऊन दोन पेल्यांत विजेच्या कांड्या बुडवणारे विक्रेते! हा प्रयोग सगळ्यांनी समजून घ्यावा. नळाच्या पाण्याच्या पेल्यात पिवळा, मग हिरवट-तपकिरी गाळ वर येतो आणि आरओच्या पेल्यात काही होत नाही. घरातली माणसं अक्षरशः हबकतात. तो गाळ पाण्यातला नाही, कांडीतलं लोखंड विरघळून झालेला आहे. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड सुटतं. आरओच्या पाण्यात क्षारच नाहीत, मग वीज वाहणार कुठून? विक्रेत्यासमोरच त्याच्या आरओच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाका आणि कांड्या पुन्हा बुडवायला सांगा. तोच गाळ त्याच्याही पेल्यात येतो. हे बघायला शेजाऱ्यांनाही बोलवा, मुलांना तर नक्कीच.

थेंबे_थेंबे

बाई, महापालिकेच्या शुद्ध पाण्याबद्दल सहमत. पण पुण्याच्या कडेच्या सोसायट्यांत सकाळी महापालिकेचं, दुपारी टँकरचं, रात्री बोअरचं पाणी एकाच टाकीत पडतं. तिथे एकदा मोजून निर्णय घेऊ नका. आठवडाभर वेगवेगळ्या वेळी मोजा, आणि एप्रिल-मेमध्ये पुन्हा. पावसाळ्यात २०० दाखवणारी टाकी उन्हाळ्यात ८०० दाखवू शकते.

कॉम्प्रेसर_काका

एसीचं मी लिहितो. "गॅस कमी झालाय" हे वाक्य दर मार्चमध्ये ऐकू येतं. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळीत फिरतो. कमी झाला असेल तर कुठूनतरी गळतोय, आणि ती जागा न शोधता भरला तर पुढच्या मार्चला तुम्ही पुन्हा पैसे देणार.

आकडा क्रमांक एक: फिल्टर धुवून, कूलिंग मोडवर १८ अंश लावून, पंधरा मिनिटं चालू द्या. वर आत ओढल्या जाणाऱ्या हवेचं आणि खाली बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान साध्या डिजिटल थर्मामीटरने घ्या. फरक ८ ते १२ अंश असेल तर गॅसला हात लावायचं कारण नाही. खोली गार होत नसेल तर ऊन, गच्चीखालचा मजला, दाराची फट हे बघा.

आकडा दोन: आउटडोअरच्या प्लेटवर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं. हल्ली बहुतेक आर-३२, आधीच्या काहींत आर-४१०ए, जुन्यात आर-२२. गॅस वजनावर भरायचा असतो, काट्यावर बाटली ठेवून. इन्व्हर्टर एसीत नुसतं गेजचं प्रेशर बघून भरणं चूक आहे, कारण कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो आणि त्याबरोबर प्रेशरही.

कॉइलवर बर्फ दिसला की लगेच गॅसचं नाव घेतात. मळका फिल्टर आणि ब्लोअरच्या पात्यांवर बसलेला काळा थर यामुळेही हवा कमी जाते आणि बर्फ धरतो. आधी ते साफ करून बघा. खरी गळती असेल तर आउटडोअरच्या पितळी नटांजवळ तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं. साबणाचा फेस लावला की बुडबुडे येतात.

सोसायटी_सेक्रेटरी_ताई

काका, इनडोअरमधून पाणी गळतं, त्यालाही गॅसच सांगितलं होतं.

कॉम्प्रेसर_काका

बर्फ वितळून गळत असेल तर संबंध आहे. नाहीतर ट्रेमध्ये किंवा ड्रेनच्या नळीत बुळबुळीत शेवाळ साचलंय. बाहेरच्या टोकाकडून व्हॅक्यूमने ओढलं की गोळा निघतो. नळीला मध्येच वरचा बाक असेल तर कितीही साफ करा, पाणी परत येणार. उतार सलग हवा.

पाइप सोडवून काम झालं असेल तर व्हॅक्यूम पंप लावलाच पाहिजे, कमीत कमी पंधरा-वीस मिनिटं. पंप न आणता थोडा गॅस सोडून हवा "बाहेर काढणारे" आत ओलावा ठेवून जातात, आणि त्याने कॉम्प्रेसरचं तेल खराब होतं. फोनवर वेळ ठरवतानाच विचारा: पंप आणि वजनकाटा आणणार का?

चूल_विभाग

सिलिंडरचं थोडक्यात. कड्याखालच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं. त्यात १४.२ किलो मिळवा, तेवढं वजन काट्यावर यायला हवं. पोचवणाऱ्या दादांकडे काटा असतो, वजन करून मागणं हा आपला हक्क आहे. त्याच पट्ट्यांवर आतल्या बाजूला सी-२७ असं काही रंगवलेलं असतं: ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत, डी डिसेंबरपर्यंत, पुढे वर्ष. ती टाकीच्या तपासणीची मुदत. उलटून गेलेली टाकी घेऊ नका.

ते दादा असतानाच टोपी काढून व्हॉल्व्हच्या तोंडातली काळी रबरी रिंग बघा आणि साबणाचं पाणी लावा. रिंग नसली किंवा चिरलेली असली की रेग्युलेटर बसवल्यावर वास येतो. केशरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची, वर्ष तिच्यावर छापलेलं असतं. घरात वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, कुठल्याही बटणाला हात नाही, आणि घराबाहेर येऊन १९०६ ला फोन.

बोअरचंच_पाणी

वाचनखूण साठवली. बिलावर नक्की काय लिहून घ्यायचं?

गच्चीवरचा_वायरमन

"गीझर सर्विस" एवढं चालणार नाही. "कॉइल २००० वॅट बदलली, जुनी १ दिली, गास्केट नवं, रॉड पाहिला" असं हवं. आरओला आत-बाहेरचा टीडीएस, एसीला भरलेल्या गॅसचे ग्रॅम. आणि काढलेला भाग आपल्याच घरात ठेवून घ्यायचा.

सोसायटी_सेक्रेटरी_ताई

एक शेवटचं. नवीन फ्रंट लोड वॉशिंग मशीन पिळताना अख्खं बाथरूमभर चालत जातं. बसवून देणारे म्हणतात, फरशी वाकडी आहे.

गच्चीवरचा_वायरमन

मागच्या बाजूला बघा. वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले लांब बोल्ट, बहुधा चार, तसेच राहिले असतील. पाना घेऊन काढा, भोकांना सोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या लावा. बोल्ट फेकू नका, घर बदलताना पुन्हा लागतात. ते काढूनही चाललं तर मग पायांची उंची पाणसळीने बघू.